गाडीखालचे दादा

दादा माझ्याशी पहिल्यांदा बोलले, तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाकीचे दादा गाडीखाली होते.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. लग्न होऊन पोशीरच्या घरात येऊन मला बराच काळ लोटला होता, माझ्या मुलाचं बारसंही झालं होतं, पण आम्हा दोघांत एक शब्द झालेला नव्हता. धाकट्या भावजयीनं थोरल्या दिरासमोर उभं राहायचं नाही, ही तेव्हाची रीत. पण खरं सांगायचं तर आमच्या घरात ती माझ्यापेक्षा दादाच जास्त पाळायचे. घरात यायचं असलं की अंगणातूनच खाकरायला सुरुवात करत. मी पाण्याचा तांब्या ठेवून बाजूला झाले, की मगच त्याला हात लावत. जेवताना भाकरी हवी असली तर भिंतीकडे बघून विचारत, "हाय का अजून?" जणू भिंतच भाकऱ्या थापत होती. आमचे हे म्हणायचे, "देवाघरी लाज वाटत होते, तवा माजा वाटा पण दादानंच उचलला."

माणूस म्हणाल तर चांगला उंचापुरा, रुंद खांद्यांचा. भाताचं पोतं एकट्यानं पाठीवर घेऊन गाडीत टाकणारा. पण गावच्या लग्नात बसायचा शेवटच्या पंगतीला. कुणी चारचौघांत त्यांचं कौतुक केलं, तर मान खाली घालून हाताची नखं तपासत बसत. "उगा कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवा सदरा आणला, उगा कशाला. ताप भरलाय, डॉक्टरकडे जाऊ या, उगा कशाला. एकदा सरपंचांनी त्यांना व्यासपीठावर खुर्चीत बसवलं, तर हार गळ्यात पडायच्या आत मागच्या बाजूनं उतरून घरी आले आणि गोठ्यात जाऊन बसले.

अशा माणसाकडे गावातली एकुलती एक गाडी असावी! एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची गोष्ट. दादा आधी खोपोलीला एका कारखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. कारखान्यानं जुनी पिकअप मोडीत काढली, ती त्यांनी घेतली. रंग कधी काळी निळा असावा. भाताची पोती गिरणीवर नेणं, भाजीच्या पाट्या नेरळला पोचवणं, तिथून माथेरानच्या हॉटेलांसाठी माल घोड्यांवर चढे, आणि गावात कुणाला एकाएकी बरं वाटेनासं झालं तर कर्जतला दवाखान्यात नेणं, सगळं त्या गाडीवर. गाडी चालायला कणखर होती. दोष एकच, ऑइल गळायचं. जिथं उभी राहील तिथं काळा, चकचकीत ठिपका. जास्त वेळ थांबली तर थारोळं.

दुसऱ्या कुणी लक्षही दिलं नसतं. दादांना मात्र ते स्वतःच्या धोतराला डाग पडावा तसं वाटायचं. त्यांनी डालड्याचा मोठा डबा कापून, ठोकून एक पत्र्याचं ताट केलं होतं. गाडी कुणाच्या दारात थांबली, की आधी खाली उतरून ते ताट इंजिनाखाली सरकवायचं, मग रामराम. निघताना ताट उचलून त्यातलं ऑइल बाटलीत ओतायचं. पोरं मागून ओरडत, "दादा, गाडीला वाढलं का?" दादा हसून मान हलवत. एकदा जाऊबाईंनी म्हटलं, "अवो, मातीत चार थेंब पडलं तर काय बिगडतं?" तर म्हणाले, "लोकांच्या दारात आपली घाण कशाला?"

त्यांना एकच मुलगी, सुमन. तिला दिली खालापूरकडे, चांगल्या खात्यापित्या घरात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दादा फराळाचे डबे, साडी, तांदूळ घेऊन लेकीकडे निघाले. मी आणि जाऊबाई मागे बसलो होतो. निघताना मी पाहिलं, ताट ओट्यावरच राहिलं होतं. मी जाऊबाईंना खुणावलं. त्यांनी हाक मारली, "अवो, ताट ऱ्हायलं." दादा पुढूनच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. व्याह्यांच्या दारात ताट सरकवत बसू काय? हसतील लोक."

व्याह्यांनी त्याच वर्षी अंगणात शहाबादी फरशी घातली होती. धुऊन पुसून लख्ख. फाटक उघडं होतं आणि जावई "आत घ्या, आत घ्या" म्हणत होते, तेव्हा दादांना गाडी आत घ्यावी लागली. चहा-फराळ झाला, विचारपूस झाली. निघायला उठलो, गाडी मागे घेतली, आणि मधोमध फरशीवर परातीएवढं काळं थारोळं.

विहीणबाई ओट्यावर उभ्या होत्या. शेजारपाजारच्या बायका दिवाळीच्या म्हणून आल्या होत्या. विहीणबाई तोंडाच्या फटकळ. म्हणाल्या, "व्याही, लेकीला साडी आनलीत, गाडीला एक लंगोट तरी बांधून आनायचा व्हता!"

सगळ्या हसल्या. त्यात वाईट मनानं कुणी हसलं असेल असं आज मला वाटत नाही. पण तेवढ्यात सुमन आतून आली. हातात रॉकेलचा बोळा आणि कोंड्याचं सूप. नवी साडी गुडघ्याशी खोचून ती खाली बसली आणि फरशी पुसायला लागली. दादा गाडीत बसून काचेतून बघत होते. मी मागून त्यांची मान पाहिली. कानांपर्यंत काळीनिळी झाली होती. उतरून लेकीच्या हातातला बोळा घ्यावा, एवढंही त्यांच्यानं झालं नाही. लाजेनं माणूस जागच्या जागी खिळतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, "पोरीचं सासर हाय, बोलनारच." दादा भिंतीकडे बघून म्हणाले, "माज्या गाडीचं माज्या पोरीनं पुसलं." बस, एवढंच.

त्यानंतर कुणाच्याही दारात गाडी नेणं त्यांनी बंद केलं. वेशीशी उभी करत आणि पोती खांद्यावरून वाहत.

पुढच्या उन्हाळ्यात सुमनला पहिलटकरीण म्हणून माहेरी आणायचं ठरलं. आणायला गाडीच न्यावी लागणार, आणि अवघडलेल्या पोरीला फाटकाबाहेर चालवत आणायचं नाही म्हणजे गाडी आत, त्याच फरशीवर. दादांनी आधी कर्जतच्या एका मिस्त्रीला गाडी दाखवली. तो म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल, गाडी ठेवून जा, सवड झाली की बघतो. दादा गाडी घेऊन परत आले. मला वाटतं, गाडी तिथे चारचौघांसमोर उघडी पडून राहणं त्यांना नको होतं. "घरीच करतो," म्हणाले.

अंगणात फणसाखाली गाडी उभी केली, जॅक लावून पुढची बाजू उचलली, चाकांखाली ओंडके दिले. हे खोपोलीला कामावर गेलेले. जाऊबाई शेतावर. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. दादा गाडीखाली सरपटत गेले, खुडबुड सुरू झाली आणि थोड्या वेळानं आवाज आला, "कोन हाय का तिकडं?"

बोलायचं कसं? बांगड्या वाजवल्या.

गाडीखालची खुडबुड थांबली. दोघंही अडचणीत. मग तो भलामोठा माणूस अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बाय, तो लांब पाना दे गं जरा. चेंबर धरून ठेवलंय, सोडलं तर अंगावर येल."

मी पाना नेऊन त्यांच्या पायाशी ठेवला. "पायाशी नको, हातात दे," असं म्हणत एक काळाकुट्ट हात बाहेर आला. मी वाकून पाना त्या हातात दिला. इतका काळ एका घरात राहून जे झालं नव्हतं, ते झालं. भावानं बहिणीला हाक मारावी तसं 'बाय' म्हणाले, आणि पुढे कायम त्याच नावानं हाक मारली.

मग दुपारभर आमचं बोलणं चाललं, ते वरून खाली आणि खालून वर. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेलं ऑइलचं घमेलं, ते त्यांनी मला समजावलं. त्याच्या कडेला जाड कागदाचं पॅकिंग असतं, ते कुजलं म्हणून गळती. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती म्हणून बोलता येत होतं. त्यांनी विचारलं, माहेरी कोण कोण असतं. मी सांगितलं, पनवेलला भाऊ असतो, आई गेली. ते म्हणाले, "मला म्हाईत नव्हतं गं, आई गेलेली." त्या आवाजात एवढा ओशाळलेपणा होता की मलाच कसंतरी झालं.

नवं पॅकिंग कापायचं होतं. पुठ्ठा त्यांनी आणला होता, पण कापताना कड फाटायला लागली. मी ब्लाउज बेतायची, म्हणून कात्री माझ्याकडे आली. चेंबरच्या कडेवर पुठ्ठा ठेवून त्यांनी हातोडीनं हलकेच ठोकत खूण उठवली, मी कापलं. "कात्रीचा हात बरा हाय तुजा," गाडीखालून शाबासकी आली.

पॅकिंगला लावायचं एक तांबूस, चिकट सोल्युशन असतं. दादांनी ते बोटानं थापायला सुरुवात केली. एक थर, दुसरा थर. कडेनं ओघळायला लागलं तरी थापत होते. "या टायमाला एक थेंब नाय पडला पायजे," असं स्वतःशीच म्हणत होते. आख्खी नळी संपवली. मग चेंबर चढवलं, नट आवळले, नवं ऑइल ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गाडीशेजारी उकिडवे बसले होते. खाली जमीन कोरडी. हात फिरवून बघितली, बोटं हुंगली, मग जाऊबाईंना आणि ह्यांना हाक मारली. आणि मग, खाकरल्याशिवाय, मला. आम्ही सगळे ओळीनं उभे राहून एका कोरड्या जमिनीकडे बघत होतो आणि दादा नखं तपासत होते. त्यांना इतकं सुखी मी क्वचितच पाहिलं.

सुमनला आणायला जाऊबाईंना कमरेमुळे जमेना, म्हणून दादांबरोबर मी गेले. गाडी सरळ फाटकातून आत, ओट्यासमोर. दादांनी चहा दोनदा घेतला, मुद्दाम वेळ काढून. निघताना विहीणबाई वाकून फरशीकडे बघत म्हणाल्या, "आज शहान्यासारकी उभी ऱ्हायली की!" दादा मोकळेपणानं हसले. त्या घरात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

चौक गाव सोडून आम्ही कर्जतच्या रस्त्याला लागलो. डोक्यावर ऊन रणरणत होतं. सुमन पुढे, दादांच्या आणि माझ्या मधे बसली होती. एकाएकी इंजिनातून खडखड आवाज यायला लागला, जसा कुणी आत दगड भरडतंय. दादांनी पाय काढला, पण तेवढ्यात गाडीनं जोराचा हिसका दिला आणि थांबली. सुमनचं पोट पुढच्या पत्र्यावर आदळता आदळता मी हात घातला. ऑइलचा दाब दाखवणारा काटा त्या गाडीचा कधीचाच बंद होता, त्यामुळे आधी काही कळायला मार्ग नव्हता.

दादांनी बॉनेट उघडलं. वाफ आणि जळकट वास. खाली वाकून बघितलं, ऑइल काढून बघायची काठी ओढली. ऑइल होतं, पुरेपूर होतं. ते तसेच काठी हातात धरून उभे राहिले. मग माझ्याकडे वळले. समोरासमोर, डोळ्याला डोळा देऊन, पहिल्यांदा.

"बाय, ते सोल्युशन मी जास्त लावलं," ते म्हणाले. "आतल्या अंगाला निघालं आसंल, सुटून ऑइल वर खेचायच्या जाळीला बसलं. इंजिनाला ऑइल मिळालंच नाय. जाम झालं." काठी जागेवर खोचत म्हणाले, "मिस्त्री म्हनाला व्हता, सवडीनं करू. मला दम नव्हता. गाडी बरी कराया नव्हतो बसलो मी. त्या बाईचं तोंड बंद कराया बसलो व्हतो."

"बाबा, यील येकादी बैलगाडी," सुमन म्हणाली. तिच्या ओठांचा रंग गेला होता.

बैलगाडी आली, पेंढ्याची. पेंढा पसरून सुमनला निजवलं. दादा बैलांच्या पुढे चालत होते, रस्त्यातले दगड बाजूला करत. प्रत्येक गचक्याला सुमन कण्हायची आणि ते मागे न बघता खांदे आवळायचे. कर्जतला पोचेपर्यंत तिला कळा सुरू झाल्या होत्या. संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीची, मुठीएवढी. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही.

पण पोर चिवट निघाली. जगली. सुमनही सावरली.

सासरची माणसं आली. आमच्या ह्यांनी सांगायला सुरुवात केली, जुनी गाडी, मशीनचं काय सांगावं. कुणालाही पटेल असंच होतं. पण दादा कोपऱ्यातून पुढे आले. सगळ्या वॉर्डादेखत म्हणाले, "गाडीचं नाय. मी चुकलो. नको ते घरी केलं, वाईट केलं, आन् पोरीला त्यात बसवली."

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हंजी मी बोलले म्हनून?"

"नाय," दादा म्हणाले. "तुमी बोलल्या त्यात खोटं काय नव्हतं."

जावई रागानं लाल झाले होते. बाळंतिणीला आणि मुलीला त्यांनी दवाखान्यातून थेट खालापूरला नेलं. आमच्या घरी पाळणा बांधून तयार होता. जाऊबाईंनी डिंक-मेथीचे लाडू केले होते. मी ते डबे घेऊन खालापूरला गेले. दादा आले नाहीत.

ते पुढेही गेले नाहीत. गाडी भंगारात गेली. त्यांनी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर नोकरी धरली. बारशाला, दिवाळीला, संक्रांतीला जाऊबाईंना आणि मला पाठवायचे. जाताना पोरीसाठी काही ना काही हातात द्यायचे, पेरू, झबलं, लाकडी बैल. आल्यावर भिंतीकडे बघून विचारायचे, "बोलते का आता? चालते का?" जावयांचा राग केव्हाच निवला होता. ते दोनदा स्वतः बोलवायला आले. दादा "येतो, येतो" म्हणायचे आणि त्या दिवशी शेतावर निघून जायचे.

लोक म्हणत, केवढा सच्चा माणूस, मनाला किती लावून घेतलं. मलाही आधी तसंच वाटायचं. एका दिवाळीला मात्र मी खालापूरहून परतले ती संतापून. सुमननं दारात उभं राहून माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं होतं, तसंच, दरवेळेसारखं, आणि आत गेली होती. दादा ओसरीवर बसले होते. भिंतीकडे बघून म्हणाले, "बरी हाय का पोर?"

मी पदर खोचून त्यांच्या आणि भिंतीच्या मधे उभी राहिले. "दादा, तुमी काय समजता? तुमची लाज लय मोठी? तुमाला तोंड दाखवायला जड जातंय म्हनून त्या पोरीनं वर्षानुवर्षं रस्त्याकडं बघत बसायचं? तुमी चुकलात ते एका दिवशी. आता रोज चुकताय."

आतून जाऊबाई धावत आल्या. घरातल्या थोरल्या पुरुषाला असं बोललेली त्या घरातली मी पहिलीच. दादांनी मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. उठून गोठ्यात गेले.

दोन दिवसांनी एसटीनं दादा, जाऊबाई आणि मी खालापूरला गेलो. विहीणबाई ओट्यावर होत्या, थकलेल्या. त्यांनी नातीकडून पाण्याचा तांब्या पाठवला, आणि स्वतः पाट मांडायला आत गेल्या. पोर लांबूनच तांब्या पुढे करून विचारत होती, "ह्ये कोन?" सुमन उंबऱ्यात आली. बापाकडे बघत राहिली. म्हणाली, "बाबा, फरशी पुसली त्याचं मला काय बी वाटलं नव्हतं. आपलीच गाडी व्हती. तुमी आला नाय, तवा मातर लाज वाटायची. सगळे विचारायचे, बाप का येत नाय?"

दादा तिथेच, उंबऱ्याबाहेर, खाली बसले आणि चेहरा हातांत घेऊन रडले. शेजारी बघत होते, येणारेजाणारे थांबत होते. त्यांनी चेहरा लपवायला कुठे कोपरा शोधला नाही.

त्यानंतर त्यांचं येणं-जाणं सुरू झालं. नात उन्हाळ्याची सुट्टी आमच्याकडेच काढायची. चांगली वर्षं गेली. पण गेलेली वर्षं गेली ती गेलीच. नात कधी चालायला लागली, तिनं पहिला शब्द कोणता उच्चारला, हे दादा आम्हाला पुन्हा पुन्हा विचारायचे आणि ऐकताना ओशाळे व्हायचे.

शेवटच्या आजारपणात एक बाजू लुळी पडली. जाऊबाईंच्यानं त्यांना उचलणं व्हायचं नाही, आमचे हे कामावर. अंग पुसायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि चांगल्या हातानं धोतर धरून ठेवलं. मी बोलत राहिले, शेतातलं, गावातलं, सुमनकडचं. असे काही दिवस गेले. हळूहळू हात सैल पडला.

एका सकाळी मी पाठीला ओला पंचा लावला आणि ते एकदम अंग चोरून कुरकुरले, "गार हाय गं पानी! जरा ऊन करून आन की."

आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी केलेली ती पहिली तक्रार मी ऐकली. पंचा ठेवून मी पाणी तापवायला उठले.